पत्ता सांगायचा नाही

आमच्या कामात किस्से फार साठतात, कारण तेव्हाच्या तेव्हा ते कुणाला सांगताच येत नाहीत! बाकीचे लोक संध्याकाळी घरी जाऊन ऑफिसच्या गमती सांगतात. मी नऊ वर्षं नवऱ्याला एवढंच सांगत होते, "आज बरं गेलं." आता रिटायर झालेय, तेव्हा ऐका.

पनवेलमध्ये एका साध्या बिल्डिंगच्या दुसऱ्या मजल्यावर आमचा फ्लॅट होता. मोबाईलला बटणं होती तेव्हाची गोष्ट. तिथे सहा मुली राहायच्या, सगळ्या अठराच्या पुढच्या. नोकरीच्या नावाखाली कुणीतरी नेऊन भलत्याच कामाला जुंपलेल्या, मग सुटका झालेल्या. पायावर उभ्या राहीपर्यंत त्या आमच्याकडे. मी त्यांची हाऊसमदर, म्हणजे मावशी. आणि सुनंदाताई सोशल वर्कर, म्हणजे आमच्या बॉस.

त्यात एक हिरा. नाव अर्थातच बदललंय. उरणकडच्या कोळ्यांची पोर. लांबच्या काकाने तिला एका फार्महाऊसवर नेलं, तीन वर्षं कोंडून राबवलं, मारलं, घरी एक फोन करू दिला नाही. केस उभी होती, पण काका जामिनावर सुटला होता आणि हिराला शोधत फिरत होता. तिने साक्ष देऊ नये म्हणून. त्यामुळे आमचा पहिला नियम, पत्ता कुणालाही सांगायचा नाही. आणि दुसरा, सुनंदाताईंनी फोनवर हो म्हटल्याशिवाय दार उघडायचं नाही.

* * *

एकदा आमचे ट्रस्टी न कळवता आले, पेढ्यांचा बॉक्स घेऊन. मी बाजारात, दारावर हिरा. तिने साखळी लावून नाव विचारलं आणि ताईंना फोन लावला. ताई कोर्टात, फोन बंद. ट्रस्टींनी आपली ओळख सांगितली, कार्ड दाखवलं, भिंतीवरच्या फोटोत तिसरा मीच आहे असंही सांगून पाहिलं.

हिरा म्हणाली, "असाल तुमी. पन ताई सांगतील तवाच दार उघडंल."

पाऊण तास गृहस्थ जिन्यात बसले. साखळीच्या फटीतून तिने त्यांना पाण्याचा ग्लास मात्र दिला. मी आले तेव्हा मला वाटलं, आता आमचं काही खरं नाही. त्यांनी आत येऊन शांतपणे व्हिजिटर्स बुक मागितलं आणि शेरा लिहिला, 'दार उत्तम आहे.' असा ट्रस्टी मिळायला भाग्य लागतं हो.

* * *

या गुप्ततेची सवय अंगात किती भिनावी? एका संध्याकाळी दमून स्टेशनबाहेर रिक्षात बसले. रिक्षावाल्याने विचारलं, कुठे जायचं? माझ्या तोंडून सरळ निघालं, "पत्ता सांगता येणार नाही."

माझ्या स्वतःच्या घराचा पत्ता! रिक्षावाल्याने मागे वळून मला नीट न्याहाळलं आणि म्हणाला, "मग काय मॅडम, रिक्षातच राहणार का?"

* * *

हिरा आली तेव्हा प्रत्येक गोष्टीची परवानगी मागायची. पाणी पिऊ का, बसू का, पंखा लावू का. मी सांगून सांगून थकले की अगं, हे तुझं घर आहे. ती मान डोलवायची आणि पुन्हा विचारायची.

एका रविवारी मी जवळा करायला घेतला. माझं माहेर देशावरचं, त्यामुळे मासळीच्या बाबतीत आमचा आनंदच! हिरा दारात उभी राहून बघत होती. मी तो न निवडताच कढईत टाकायला निघाले तशी ती आत आली आणि माझ्या हातातलं ताट काढून घेतलं.

"मावशी, बाजूला व्हा. तुमाला नाय जमायचा."

परवानगी नाही, काही नाही. मी बाजूला झाले आणि बाथरूममध्ये जाऊन मनसोक्त रडले. जवळा काय झाला होता म्हणून सांगू!

* * *

खालच्या मजल्यावर फातिमाचाची राहायच्या, नवरा गल्फमध्ये. बिल्डिंगमध्ये आम्ही नर्सिंगच्या मुलींचं हॉस्टेल आहे असं सांगितलेलं. तर दुसऱ्याच आठवड्यात चाची हात पुढे करून दारात, बीपी बघा म्हणून! सुनंदाताईंनी धावपळ करून मशीन आणलं, मुलींना शिकवलं. मग दर शुक्रवारी चाचींचं बीपी.

एके दिवशी मी जिना चढत होते, तर खाली एक माणूस चाचींना विचारत होता, इथे उरणची कोणी मुलगी राहते का? वर्णन हुबेहूब हिराचं. तो काकाच होता. मी जिन्याच्या वळणावर भिंतीला चिकटून उभी राहिले. चाची मात्र दाराला टेकून निवांत.

"उरणची? नाही बाबा. इथे सगळ्या नर्सा राहतात. चेहरा लाल दिसतोय तुझा, बीपी बघून घेतोस का?"

तो गेला. मी चाचींचे हात धरले आणि म्हटलं, एक गोष्ट तुम्हाला खरी सांगायला हवी. त्या हसायला लागल्या. "नर्सा असत्या तर एकीला तरी सुई टोचता आली असती ना? मला पहिल्या दिवसापासून मालूम होतं, बेटी." त्या बाईंचे उपकार आम्ही कुठे फेडणार!

* * *

शेवटी केस सुनावणीला लागली. हिरा साक्षीला गेली, मी मागच्या बाकावर देवाचं नाव घेत. काकाच्या वकिलाने पहिलाच प्रश्न टाकला, सध्या कुठे राहता? आमच्या वकीलबाई उठायच्या आतच हिरा जजसाहेबांकडे वळली.

"साहेब, तेवढा सोडून सगला सांगते."

साहेबांनी मान हलवली. आणि तिने खरोखरच सगळं सांगितलं, तीन वर्षांचं, काकाकडे बघत. त्याला शिक्षा झाली.

* * *

पुढे हिराला खारघरला एका दवाखान्यात काम लागलं आणि ती आमच्याकडून गेली. महिन्याभराने फ्लॅटवर फोन आला. मीच उचलला.

"मावशी, कागद-पेन घ्या. लिवा."

आणि ती सांगायला लागली. बेलपाडा गाव, देवलाच्या मागची गल्ली, पयला माला, निला दार. मी घाबरून म्हटलं, अगं हळू, फोनवर कसलं सांगतेस हे!

तिने आवाज आणखी चढवला. "दारावर पाटी लावलीय, माज्या खऱ्या नावाची. लिवला का सगला?"

लिहिलं, म्हटलं.

"कोनी इचारला तर सांगा."