खोट न काढता

माझा मामा बीडच्या निजामी शाळेत इंग्रजी शिकवायचा. बाकीचे विषय तिथे उर्दूतून, त्यामुळे इंग्रजीचा सगळा तोरा मामाकडे. सुट्टीत लिंबागणेशला आमच्याकडे आला की ओसरीवर बसून तो साहेबलोकांच्या बोलण्यातल्या गमती सांगायचा. एकदा म्हणाला, "साहेबाला एखादी गोष्ट आवडली न्हाई, तर तो तिला नावं ठेवत न्हाई. म्हनतो, हा माझा चहाचा कप न्हाई."

"मंग ज्याचा हाय त्याला दे म्हनावं," आत्या म्हणाली.

मामा खूश झाला. "तेच तर! चीज चांगली हाय, पण माझ्यासाठी न्हाई."

मी ते लगेच उचललं. कारल्याची भाजी, शेणाची पाटी, काहीच माझा कप राहिलं नाही. मामाने समजावलं, की हे आवडीनिवडीपुरतं बोलायचं, कामं टाळायला नाही. आईने समजावलं नाही, सरळ पाटी डोक्यावर दिली.

दिवाळीनंतर मला बघायला चौसाळ्याचे पाहुणे आले. मुलगा धडधाकट, रान काळंभोर, विहिरीला पाणी. पण मामाच्या विनोदांवर सगळी ओसरी हसत असताना हा गंभीरपणे त्यांचा अर्थ विचारत होता. मला हसल्याशिवाय दिवस काढता येत नाही.

आमच्याकडे स्थळ नाकारायचं तर खोट दाखवावी लागे. रान खडकाळ आहे, सासू भांडखोर आहे, असं काहीतरी. मग दोन्ही घरं वर्षानुवर्षं एकमेकांचं पाणी पीत नसत. मी वडिलांना आत बोलावून मनातलं सांगितलं. ते हताश झाले. "खोटच न्हाई, तर न्हाई कावून म्हनायचं?" म्हणाले, आणि सुपारी फोडायची बोलणी करायला बाहेर गेले.

मुलाची आई चुलीपाशी बसली होती. मी तिच्यासमोर बसले.

"मावशी, तुमचं घर चांगलं हाय, तुमचा ल्योकबी लई चांगला. पण माझं मन लागत न्हाई. राग मानू नका."

ती उठली, दाराआडून नवऱ्याला म्हणाली, "चला, योग न्हाई." बाहेर कुणाचाच आवाज चढला नाही.

गाडी जुंपेपर्यंत ती परत आत आली आणि माझा हात धरून हळूच म्हणाली, "परवा माझ्या धाकटीला बघाय येनार हायेत. पोरगी रडतीय. ते कसं बोललीस, मला पुन्यांदा सांग."