वर पूर्व असलेला नकाशा

दहावी गावातच झाली. पुढचं कॉलेज अमळनेरला आणि एसटी थांबायची लांबच्या फाट्यावर. आमच्या घरात तोवर कुणी कॉलेजात गेलेलं नव्हतं. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, एका वाक्यात सांगून टाकलं, "बस गावमा उनी तं कॉलेज. नही तं नही."

बस गावात यावी म्हणून ग्रामपंचायतीने अर्ज केला होता. डेपोचं म्हणणं, पावसाळ्यात नाला भरला की रस्ता बंद, गाडी अडकेल.

मग देवळाचे महाराज म्हणाले, "नाला टाळून रस्ता आहे. मी दाखवतो."

महाराज आसपासच्या गावांत सायकलवर पूजा सांगायला जात आणि परत आले की गेलेल्या वाटेचा नकाशा काढत. कागद म्हणजे जुन्या कॅलेंडरची मागची बाजू. रस्ते कुंकवाचे, शेतं हळदीची, पाणी कपड्यांच्या निळीचं. बाया चिडवायच्या, "महाराज, देवले कुंकू ऱ्हाऊ द्या थोडं!" ते म्हणायचे, "देवही रस्त्यानेच येतो ना, अक्का!"

महाराज, आबा आणि मी डेपोत गेलो. साहेबांनी नकाशा टेबलावर पसरला आणि कपाळाला आठ्या घातल्या. "महाराज, तापी पश्चिमेला जाते. तुमची तर दक्षिणेला चालली!"

"वर पूर्व आहे, साहेब."

"नकाशात वर उत्तर असते हो."

"पूजेला बसलो की समोर पूर्व असते. पाट मांडतो तसाच कागद मांडला."

शेजारच्या टेबलावरचे कारकून हसले. आबा खुर्चीतून अर्धे उठलेच. "चाल वं, झालं आपलं." भूगोल माझा आवडीचा विषय. मी हात पुढे केला आणि नकाशाची वरची बाजू उजवीकडे फिरवली. तापी सरळ पश्चिमेला लागली. नाला खाली राहिला आणि वरच्या अंगाने, शेजारच्या गावातून येणारी कुंकवाची रेघ साहेबांना दिसली.

"कितवीला आहे पोरगी?"

"दहावी झायी," आबा म्हणाले. "बस उनी तं कॉलेजले जाई."

साहेब हसले. "म्हणजे हिचं ॲडमिशन माझ्याच हातात!"

त्यांनी आधी रिकामी गाडी त्या रस्त्याने फिरवून पाहिली. कॉलेज सुरू झालं त्या आठवड्यात सकाळची बस आमच्या पारापाशी येऊन उभी राहिली. महाराजांनी नारळ फोडला, बंपरला कुंकू लावलं. ड्रायव्हर म्हणाला, "महाराज, नकाशा झकास, पण धरायचा कुठून?" महाराजांनी तिथल्या तिथे हळदीने कागदाच्या वरच्या कडेला सूर्य काढून दिला. त्या पावसाळ्यात नाला कितीदा तरी भरला. बस चुकली नाही.

मी बी.ए. झाले. आमच्या घरातली पहिली. हे मी आजही छाती पुढे काढून सांगते. निकालाचे पेढे घेऊन आधी देवळात गेले. महाराजांनी पेढा तोंडात टाकला आणि कॅलेंडर उलटं करून बसले. त्यांच्या नकाशांत पूजेला गेलेल्या जागाच असायच्या, कॉलेज कुठेच नव्हतं.

"अमळनेरच्या स्टँडवरून कॉलेज कोणत्या अंगाला गं?"

मी सांगत गेले. ते कुंकवात बोट बुडवून रेघ ओढत गेले. वर पूर्वच होती. या वेळी मी कागद फिरवला नाही. उठून त्यांच्या बाजूला जाऊन बसले.