दाजींची तांबडी रेघ

आमचे दाजी, म्हणजे आक्काचे मालक, निपाणीच्या एका पतसंस्थेत वसुली अधिकारी होते. लोक कुठं चुकतात हे बघण्यातच त्यांची सगळी नोकरी गेली, त्यामुळं निवृत्त झाल्यावर त्यांनी लोकांना शिकवायला घेतलं यात नवल नव्हतं. नवल विषयाचं होतं. थोडे दिवस मोबाईलवर शेअर घेऊन-विकून ते त्या धंद्यातले गुरू झाले आणि संकेश्वरात एका मंगल कार्यालयाच्या वरच्या हॉलमध्ये त्यांनी वर्ग काढला. लग्नसराई नसली की हॉल स्वस्तात मिळायचा.

वर्गाला माणसं यायची. निवृत्त मास्तर, कारखान्याला ऊस घालून मोकळे झालेले शेतकरी, एक औषध दुकानदार. दाजी मराठीत सुरुवात करायचे, समोरचे चेहरे बघून कन्नडमध्ये शिरायचे आणि जिथं स्वतःलाच नीट माहीत नसेल तिथं इंग्रजीत जायचे.

शिकवणीचा गाभा एकच, स्टॉप लॉस. शेअर घेतला की लगेच त्याच्या खालचा एक भाव ठरवून ऑर्डर लावून ठेवायची. भाव तिथवर घसरला की शेअर आपोआप विकला जातो. थोडं नुकसान होतं, पण माणूस वाचतो. हे ते फार छान समजावत. "बोट कापलं तर चालतंय, हात जाता कामा न्हाय," असं म्हणून स्वतःचं बोट वर धरत. घरच्या कार्यातसुद्धा त्यांना दुसरा विषय नसे. एकदा मयतीवरून परत येताना त्यांनी मला सांगितलं, की गेलेल्या माणसानं तंबाखूच्या धंद्यात वेळीच स्टॉप लॉस लावला असता तर आज आपल्याला यावं लागलं नसतं.

पुढं त्यांनी वर्गाला चालू बाजार दाखवायचं ठरवलं. मी बेळगावात कॉलेजवर कॉम्प्युटर शिकवतो, म्हणून प्रोजेक्टर लावायला मला बोलावणं आलं. आक्का शाळेत शिक्षिका आहे. तिच्या शाळेला कसलीशी सुट्टी होती, म्हणून तीही आलती आणि मागच्या रांगेत बसलती.

दाजींनी भिंतीवर सगळ्यांना दिसेल असा एका पंप बनवणाऱ्या कंपनीचा शेअर घेतला. नुसता आपल्या पैशानं नव्हे. ॲपवाले एका दिवसापुरते वरचे पैसे वापरू देतात, तेही घेऊन. मग स्टॉप लॉस लावला. आलेखावर एक तांबडी रेघ उमटली. "आता हिच्याकडं बघायचं न्हाय. चहा प्या," ते म्हणाले. लोक चहा प्यायले. दाजी रेघेकडं बघत बसले.

चहानंतर भाव खाली यायला लागला. रेघेच्या अगदी जवळ आला तसा दाजींनी माऊस हातात घेतला आणि रेघ खाली सरकवली. भावाला श्वास घ्यायला जरा जागा द्यावी लागते, असं त्यांनी समजावलं. मास्तरांनी ते वहीत उतरून घेतलं. भाव पुन्हा रेघेपाशी आला. दाजींनी रेघ पुन्हा खाली नेली. मोठे लोक आपला स्टॉप लॉस हुडकत असतात, हा त्यांचा सापळा आहे, असं ते म्हणाले. म्हणजे मुंबईतले सगळे धनाढ्य कामधंदा सोडून संकेश्वरातल्या एका निवृत्त वसुली अधिकाऱ्याच्या मागं लागलेत, असा त्याचा अर्थ होता. तेही मास्तरांनी उतरून घेतलं.

तिसऱ्या वेळी रेघच नाहीशी झाली. औषध दुकानदारानं कन्नडमधून विचारलं, तांबडी रेघ कुठं गेली?

"काढली. सराव झाला की ती मनात ठेवायची असती," दाजी म्हणाले.

कुणी हसलं नाही. मला वाटलं होतं कुणीतरी हसेल. दाजी माझ्याकडं वाकून हळूच म्हणाले, "प्रोजेक्टरची केबल सैल झालीय काय बघ रं."

"न्हाय दाजी, घट्ट हाय," मी म्हणालो. आपला मेव्हणा इतका मठ्ठ असेल असं त्यांना वाटलं नव्हतं.

एका दिवसापुरते घेतलेले शेअर बाजार बंद होण्याआधी ॲप स्वतःच विकून टाकतं. ते घसरतच गेले होते आणि तसेच विकले गेले. तोट्याचा आकडा भिंतीवर वीतभर उंचीचा उमटला. शेजारी खात्यात उरलेली रक्कमही दिसत होती, आणि ती बघून आक्का उठली. गच्चीवर एक खोली काढायची म्हणून तिनं पैसे साठवले होते. ते बँकेत आहेत असा तिचा समज होता. ती खुर्च्यांमधून पुढं आली आणि पोरांचं गणित तपासावं तशी भिंतीकडं बघत उभी राहिली.

"फरशी गेली का खोलीच गेली?" तिनं विचारलं.

दाजींनी भिंतीवरचा आकडा पुन्हा एकदा वाचला. "फरशी," ते म्हणाले. "आणि खिडक्या."

तेव्हा मात्र मला त्यांची कीव आली. त्यांना निपाणीला घरी सोडायला जाताना गाडीत ते जागतिक परिस्थितीबद्दल बोलायला लागले, पण आक्का काचेतून बाहेर बघत राहिली आणि तेही थांबले.

त्याच आठवड्यात तिनं त्यांना बँकेत नेलं आणि खात्याला आणि ॲपला स्वतःचा मोबाईल नंबर जोडून घेतला. आता ॲप उघडायचं तर ओटीपी तिच्या फोनवर जातो. तिचा फोन शाळेच्या कपाटात बंद असतो आणि शाळा सुटेपर्यंत बाजारही सुटलेला असतो. ही दडपशाही आहे, असं दाजींचं मत आहे. आक्काला त्यांनी ते अजून सांगितलेलं नाही.

वर्ग बंद पडेल असं मला वाटलं होतं. उलट पुढच्या खेपेला खुर्च्या कमी पडल्या. बाकीचे सर नुसता नफा दाखवतात, आमच्या सरांनी तोटासुद्धा करून दाखवला, असं औषध दुकानदारानं गावभर सांगितलं होतं. दाजींनी फी वाढवली. हल्ली ते वर्गात आदल्या दिवशीचा आलेख लावतात आणि कुठं घ्यायला हवं होतं, कुठं विकायला हवं होतं ते काठीनं दाखवतात. कालच्या बाजारात त्यांना अजून एकदाही तोटा झालेला नाही.