पत्र्यावर कोरलेल्या पाठी

इव्हर क्वेनेलच्या शेडमध्ये एका भिंतीवर अकरा पत्रे टांगलेले होते. छपराच्या कामातून उरलेले सपाट तुकडे, हातभर रुंद, दीड हात लांब. प्रत्येकावर एका माणसाची पाठ, मान आणि हात टोच्याने कोरलेले. इव्हरला चित्र काढता येत नव्हतं, त्यामुळे माणूस ओळखू येत नसे. पण तीळ आणि डाग जिथल्या तिथे होते. प्रत्येकाशेजारी आकडा, किती मिलिमीटर, आणि वर्ष.

पोर्ट हेस्लममध्ये इव्हर छपरांचा मुकादम होता. मी त्याच्या हाताखाली सव्वीस वर्षं पत्रे ठोकले. एक स्क्रू तिरका गेला तर तो अख्खा पत्रा काढायला लावायचा. 'चालेल' हा शब्द त्याच्यासमोर कुणी उच्चारत नसे. वादळ येऊन गेलं की दुसऱ्या दिवशी तो गाडी काढून आपण घातलेली छपरं बघत फिरायचा. एकही उडालेलं नसलं तरी परत येऊन एवढंच म्हणायचा, "या वेळी वारा कमी होता."

हे पत्रे त्याने एक्याऐंशी साली सुरू केले. त्या वर्षी आत्याच्या अंत्यविधीला तो टास्मानियाला, दक्षिणेच्या थंड बेटावर, गेला होता. तो मूळचा तिथला, एकोणिसाव्या वर्षी उत्तरेला आमच्याकडे आलेला. तिथे त्याचा चुलतभाऊ हेडली. दोघांच्या वयात नऊ दिवसांचं अंतर. दोघांचे केस तांबडे, दोघांचा धंदा छपराचा. अंत्यविधी उरकल्यावर दोघं नदीवर पोहायला गेले आणि शर्ट काढले.

"इव्हर, तुझ्या पाठीवर कुणी तपकीर उधळली का रे?" हेडली म्हणाला.

त्याने तीळ मोजले. एकतीस. मग इव्हरने हेडलीचे मोजले. चार.

रक्त एक, काम एक. फरक फक्त डोक्यावरच्या आभाळाचा. इव्हर परत आला तो थेट डॉक्टरकडे गेला. एकतिसातले दोन कापावे लागले. त्यातला एक वाईट, म्हणजे कातडीच्या कर्करोगाचा निघाला, पण वेळेत सापडला.

पुढच्या सोमवारी कामावर त्याने सांगितलं, "उद्यापासून उघड्या अंगाने कुणी वर चढायचं नाही. लांब बाह्या, मोठी टोपी."

तेव्हा आमच्याकडे उघड्या अंगाने काम करणं म्हणजे मर्दपणा होता. खांद्याची सालं निघाली की गडी ती एकमेकांना दाखवत. दोघांनी त्याच दिवशी काम सोडलं. एक जाताना म्हणाला, "मुकादम, झालर लावून दे शर्टाला, म्हणजे नाचायला पण येईन."

"झालर तू लाव," इव्हर म्हणाला. "पत्रे सरळ लावणारे मी बघतो."

हे मला क्लेम रिडॉकने सांगितलं. तो राहिला होता. हसत राहिला, पण राहिला.

वर्षातून एकदा, साखर कारखान्याचा गाळप हंगाम सुरू होण्याआधीच्या शुक्रवारी, दुपारच्या चहानंतर शेडमध्ये मोजणी व्हायची. आपली पाठ आपल्याला दिसत नाही, ती दुसऱ्यानेच बघायची, हा त्याचा नियम. इव्हर चष्मा लावायचा आणि ज्या पोलादी पट्टीने पत्र्याची कड मोजायचा त्याच पट्टीने तीळ मोजायचा. तीळ वाढला असेल तर डॉक्टर. वाद नाही. त्याची स्वतःची पाठ त्याची बायको मोजायची. ती त्याच्याहून कडक होती.

पहिल्या वर्षी माझी पाळी आली तेव्हा सगळे हसले.

"केझला कशाला मोजतोस?" क्लेम म्हणाला. केशवचं त्यांनी पहिल्याच आठवड्यात केझ केलं होतं. "तो कारखान्यातूनच रंग लावून आलाय."

"रंगवलेला पत्रासुद्धा कापल्या कडेला गंजतो," इव्हर म्हणाला. "केझ, बूट काढ. तळवे दाखव."

माझ्या पत्र्यावर पाठीपेक्षा तळहात-तळपाय मोठे आहेत ते त्यामुळे. सावळ्या माणसाला हा रोग झालाच तर पुष्कळदा तिथे होतो, हे मला पुढे गावच्या डॉ. प्रिडलबाईंनी सांगितलं. इव्हरने ते त्यांना आधीच विचारून ठेवलं होतं.

दोन हजार सहा साली टेगन आमच्यात आली. बावीस वर्षांची, हातोडा धरायची पद्धत चांगली. इव्हरने तिची मान आणि हात मोजले. सहा. त्याने चष्मा पुसला आणि पुन्हा मोजले. सहाच. मग भिंतीवरचा क्लेमचा पत्रा काढला. सत्ताविसाव्या वर्षी क्लेमच्या नुसत्या हातांवर तेवीस होते.

"तू इथलीच ना?" त्याने तिला विचारलं. "टास्मानियाची नाहीस?"

"इथलीच. आजोबा ऊस तोडायचे."

"मग उन्हात गेलीच नाहीस की काय?"

"शाळेत टोपी नसली तर मैदानावर सोडत नसत रे. मी टोपी रोज विसरायची. सात वर्षं झाडाखाली बसून काढली."

इव्हर ते दोन्ही आकडे घेऊन डॉ. प्रिडलबाईंकडे गेला. त्यांनी सांगितलं की तिच्या पिढीत सगळीकडे हेच दिसतंय. तिशीच्या आतल्यांत रोग उतरतोय, साठीच्या पुढच्यांत चढतोय, कारण म्हाताऱ्यांनी ऊन आधीच खाऊन ठेवलंय. आणि या रोगात आमचा उत्तरेचा भाग अजून जगात सगळ्यांच्या वर. टास्मानिया आमच्या खाली, पण बाहेरच्या बऱ्याच देशांच्या वरच. इव्हर परत येऊन एवढंच म्हणाला, "टोपीने काम होतं. वेळ लागतो."

आता क्लेमची दाढी.

पंच्याण्णव साली आमचा फुटबॉल संघ, म्हणजे चेंडू हातात घेऊन पळायचा आमच्याकडचा फुटबॉल, जिल्ह्याच्या अंतिम सामन्यात एका गुणाने हरला. क्लेमने त्या संध्याकाळी बारमध्ये शपथ घेतली की पोर्ट हेस्लम कप जिंकेपर्यंत वस्तरा लावणार नाही. चौदा वर्षं झाली. दाढी छातीपर्यंत आली. दाढीला गावात मान होता. सामन्याआधी पोरं तिला हात लावून जायची. दोन हजार नऊ साली आमचा संघ पहिल्यांदा तक्त्यात सगळ्यांच्या वर होता. अंतिम सामन्याला सहा आठवडे उरले होते.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात आम्ही प्रदर्शनाच्या मैदानावरच्या हॉलचं छप्पर संपवत होतो. मी आणि टेगन खाली सामान आवरत होतो. इव्हर शिडीवर, पन्हळीपाशी. क्लेम वर, कडेला उताणा झोपून पत्र्याच्या कडपट्टीखालचा शेवटचा स्क्रू बसवत होता. त्याचं डोकं मागे होतं, वाऱ्याने दाढी एका बाजूला गेली होती.

इव्हर शिडीवर थांबला. बराच वेळ थांबला.

"क्लेम, हनुवटीखाली डावीकडे तुला काय आहे?"

"दाढी."

"दाढीच्या आत."

"आतली दाढी."

इव्हर खाली उतरला. गाडीतून वही काढली. पत्र्यांची नक्कल तो वहीत ठेवायचा. क्लेमच्या पानावर डाव्या जबड्याखाली पंच्याण्णव सालचा आकडा होता, तीन मिलिमीटर. त्यानंतर चौदा वर्षं त्या जागी एकच शब्द, त्याच्याच अक्षरात, 'दाढी'. चौदा वर्षं तिथे पट्टी लागली नव्हती.

"काय दिसलं?" मी विचारलं.

"काळं. किती ते कळत नाही. केस आहेत." मग वर बघून तो ओरडला, "क्लेम, आज दाढी काढायची."

क्लेम उठून बसला. "वेडा झालास? सहा आठवडे राहिलेत! कप आला की मैदानाच्या मध्यावर काढतो, सगळ्या गावासमोर. मग लाव तुझी पट्टी हवी तिथे."

"सहा आठवडे जास्त होतात."

"चौदा वर्षं चालली, सहा आठवड्यांनी काय होतंय?"

इव्हर शिडीपाशी गेला. त्याने शिडी उचलली आणि गवतावर आडवी ठेवली. परांची आदल्याच दिवशी उतरवली होती. दुसरी वाट नव्हती.

मी त्याला सव्वीस वर्षांत, वर माणूस असताना शिडी हलवताना पाहिलं नव्हतं.

"इव्हर! शिडी लाव!"

"दाढी काढ."

हॉलशेजारी मोठा आंबा होता. त्याची सावली छपराच्या एका कोपऱ्यावर पडायची. इव्हर म्हणाला, "सावलीत बस आधी." मग त्याने दोरी-बादलीतून सामान वर पाठवलं. पाणी, बिटाचे काप घातलेलं सँडविच, कात्री, वस्तरा, साबण, गाडीचा काढलेला आरसा. क्लेमने सँडविच खाल्लं आणि बाकीचं खाली सोडलं. इव्हरने बादली पुन्हा वर पाठवली. असं चार वेळा झालं.

तासाभरात गावात बातमी गेली. वीसेक माणसं जमली. क्लबचा अध्यक्ष नेव्हिल हातातला पाय खात आला. पाय म्हणजे आमच्याकडची मांस भरलेली कचोरी.

"क्लेम, दाढीला हात लावशील तर बघ!" नेव्हिल ओरडला. "संघ वर आहे तो कुणामुळे?"

"खेळणाऱ्यांमुळे," टेगन म्हणाली.

"तू गप गं. तुला काय कळतं दाढीतलं?"

"तुझ्याएवढंच. तुलाही उगवत नाही."

माणसं हसली. वर क्लेमही हसला. पण वस्तरा त्याने घेतला नाही.

तीन वाजता इव्हर उठला. त्याने शिडी उचलून पुन्हा लावली, पाया दोनदा तपासला, वरचं टोक बांधलं. नेव्हिल म्हणाला, "हरलास का मुकादम?" इव्हरने त्याच्याकडे बघितलंही नाही. त्रेसष्ट वर्षांचा, डावा गुडघा गेलेला. तो एक एक पायरी थांबत वर चढला आणि क्लेमशेजारी बसला. मी त्याच्या मागून शिडीवर गेलो होतो, गुडघ्याचा भरवसा नव्हता म्हणून. त्यामुळे पुढचं मी ऐकलं.

"माणूस वर असताना शिडी काढली, चूक झाली," इव्हर म्हणाला. "पण ती आजची. दुसरी चौदा वर्षांची आहे."

"कुठली?"

"ऊन वरून येतं, म्हणून टोपी. गालावर दाढी आली, मला वाटलं, बरं झालं, सावली. म्हणून लिहीत गेलो, दाढी, दाढी. खाली बघ."

क्लेमने खाली बघितलं. त्याच्या पायाखाली नवा पत्रा होता. तीन वाजताही त्यावर डोळा ठरत नव्हता.

"चौदा वर्षं आपण असल्याच पत्र्यावर वाकलोय," इव्हर म्हणाला. "ऊन खालूनही येतं. हनुवटीखाली तुझी दाढी विरळ आहे, ती बघायचं माझं काम होतं. मी मोजायचं सोडून शब्द लिहिला. दुसऱ्या कुणी असं काम केलं असतं तर मी त्याला हाकललं असतं."

इव्हरने कधी कुठली चूक कबूल केलेली आम्ही ऐकली नव्हती. एका दिवसात दोन.

"मला शपथ मोडायची नाही," क्लेम शेवटी म्हणाला. त्याने दाढी मुठीत धरली होती.

"मोडू नको. मला डावी बाजूच हवी."

"अर्धीच?"

"जबड्याखाली काय आहे तेवढंच. उजवी राहू दे संघाला."

क्लेम हसायला लागला. खालून नेव्हिल ओरडला, "काय चाललंय वर?" इव्हरने आरसा धरला. मी बादली धरली. क्लेमने आधी कात्री घेतली, मग वस्तरा. दाढीचे तांबडे-पांढरे पुंजके छपरावरून खाली गेले. एका म्हातारीने खरंच टोपी काढली.

डाग दिसला. कडा वेड्यावाकड्या, मधे काळा, बाजूला निळसर. इव्हरने पट्टी लावली. एकदा उभी, एकदा आडवी.

"अकरा बाय सात," तो म्हणाला.

तीनचे अकरा झाले एवढं क्लेमलाही कळत होतं.

इव्हरने छपरावरूनच फोन लावला. "डॉक्टर, इव्हर बोलतोय. क्लेमचा. पंच्याण्णवला तीन, आज अकरा बाय सात, कड फाटलेली." प्रिडलबाईंनी त्याला कधी 'तुम्हाला काय कळतं' म्हटलं नव्हतं. त्या म्हणाल्या, पाच वाजता आणा. क्लेम अर्ध्या दाढीने दवाखान्यात गेला. बाकावरच्या एका बाईने आपल्या मुलाला मांडीवर ओढून घेतलं.

डाग त्याच संध्याकाळी कापला. तुकडा तपासायला शहरात गेला. दहा दिवस क्लेम कामावर येत राहिला. इव्हरने त्याला वर चढू दिलं नाही, खाली पत्रे कापायला लावलं. क्लेम कापताना दर दहा मिनिटांनी हात थांबवायचा आणि डावा गाल चाचपायचा. इव्हर बघायचा, पण 'हात चालव' म्हणायचा नाही. तेही आम्ही पहिल्यांदाच पाहिलं.

अकराव्या दिवशी प्रिडलबाईंनी बोलावलं. क्लेम म्हणाला, एकटा जात नाही. मी आणि इव्हर बरोबर गेलो.

"वाईट आहे," त्या म्हणाल्या. "पण उथळ आहे. या रोगात रुंदीपेक्षा खोली महत्त्वाची. तुमची खोली शून्य पूर्णांक आठ मिलिमीटर. एकाच्या आत असलं की सहसा माणूस वाचतो. भोवतालची कातडी आणखी थोडी कापावी लागेल, वर्षानुवर्षं तपासत राहावं लागेल."

क्लेम आमच्याकडे वळला. "शून्य पूर्णांक आठ म्हणजे किती रे?"

आमचा पत्रा शून्य पूर्णांक बेचाळीस मिलिमीटर जाडीचा असतो.

"दोन पत्रे एकावर एक," इव्हर म्हणाला. "त्याहून केसभर कमी."

क्लेमने बोटांच्या चिमटीत दोन पत्रे धरल्यासारखं केलं. ते अंतर बघितलं.

"आणि सहा आठवड्यांनी किती पत्रे झाले असते?"

"मला सांगता येणार नाही," प्रिडलबाई म्हणाल्या. त्यांनी इव्हरकडे बघितलं.

"मलाही नाही," इव्हर म्हणाला. "आणि मला ते मोजायचंही नव्हतं."

क्लेमला घरी सोडलं. दुसऱ्या दिवशी तो कामावर आला तेव्हा उजवा गालही साफ होता. इव्हर जवळ गेला, हनुवटी वर करायला लावली, चष्मा लावून उजवी बाजू तपासली. "इकडे काही नाही," म्हणाला, आणि सगळ्यांना कामाला लावलं.

सप्टेंबरात आमचा संघ अंतिम सामना सोळा गुणांनी हरला. नेव्हिल महिनाभर इव्हरशी बोलला नाही. क्लेम त्या दिवशी मैदानावर होता, गुळगुळीत तोंडाने, गळ्याला पांढरी पट्टी, आणि पंचाच्या नावाने सगळ्या गावापेक्षा मोठ्याने ओरडत होता.