विश्वस्ताच्या रकान्यात ‘हेरॉन’

नाडीन होलुबला माणसांची नावं फारशी लागतच नसत. उत्तर अल्बर्टाच्या जंगलात वणव्यावर नजर ठेवायच्या मनोऱ्यावर तिचा हा नववा उन्हाळा. मे ते सप्टेंबर वर ती एकटी, खाली नुसती झाडं. रोज सकाळी वायरलेसवर हजेरी व्हायची आणि तिथे ज्याचं त्याचं नाव म्हणजे त्याच्या मनोऱ्याचं नाव. ही ‘ऑटर’. चाळीस किलोमीटरवरची शेजारीण ‘हेरॉन’.

यंदा नाडीननं मनाशी पक्कं केलं होतं, मूल हवं. नवरा नव्हता, कुणी येईलसं दिसतही नव्हतं, आणि वय एकोणचाळीस. ऑक्टोबरात एडमंटनच्या दवाखान्यात कृत्रिम गर्भधारणेची तारीख मिळाली होती. पण त्याआधी विमा. ती सात वर्षांची असताना तिची आई गेली. पुढची अकरा वर्षं नाडीन एक पिशवी घेऊन या घरातून त्या घरात फिरली होती. आपल्या पोराचं तसं होता कामा नये.

फोनवर विमा एजंट डेलनं विचारलं, “मुदतीचा, की आयुष्यभराचा?”

“मुदतीचा. पोर पंचवीसचं होईपर्यंत. पुढे त्याचं ते बघेल.”

“वा! लोक इथेच तीन महिने घोळ घालतात. आणि शिक्षणासाठी बचत?”

“जन्मलं की लगेच खातं उघडायचं.”

भरलेला फॉर्म सामान आणणाऱ्या हेलिकॉप्टरनं गेला आणि महिन्याभरानं बटाट्यांच्या पोत्यावर बसून परत आला. सोबत डेलची चिठ्ठी: ‘अल्पवयीन मुलाचे पैसे सांभाळायला विश्वस्त लागतो. तिथे तुम्ही हेरॉन लिहिलंय. ही बाई आहे की कंपनी?’

नाडीनला हसू आलं, मग ते ओसरलं. हेरॉनचा डावा गुडघा दुखतो, सूपमध्ये ती भसाभसा शेपू घालते, विजांना घाबरते आणि घाबरत नाही म्हणून सांगते. वायरलेसवरच्या गप्पांतून सगळं ठाऊक. नाव तेवढं ठाऊक नव्हतं.

संध्याकाळी तिनं वायरलेस उचलला. “हेरॉन, ऑटर बोलतेय. तुझं नाव काय गं?”

“नऊ वर्षांनी जाग आली होय, भवाने? व्हर्ना. व्हर्ना स्किबा.”

नाडीननं एका दमात सगळं सांगितलं. मूल, विमा, रिकामा रकाना. बाकीचे सहा मनोरे ऐकत असणार, तिला माहीत होतं. थांबली असती तर पुन्हा बोलता आलं नसतं.

हेरॉनचा आवाज खरखरत आला.

“पोरी, मी बाहत्तरची आहे. आणि तू मला पाहिलेलंसुद्धा नाहीस. मी लबाड असले तर?”

“नाहीस तू.”

“आवाजावरून सांगतेस? आवाजावरून मला माझा नवराही देवमाणूस वाटला होता.” कुठल्याशा मनोऱ्यावर कुणीतरी खुदकन हसलं. “खाली बघ कुणीतरी. माणसांत.”

“खाली कुणी असतं, तर तुला विचारलं असतं का?”



दुसऱ्या दिवशी तिनं डेलला फोन लावला. “विश्वस्त नसलाच तर?”

“सरकारी कार्यालय पैसे सांभाळतं. चालतं तसंही.”

“आणि पोराला?”

“ते... विम्यात येत नाही, बाई.”

फोन ठेवल्यावर तिला ती पिशवी आणि ती अकरा वर्षं आठवली. मग तिनं दवाखान्याला फोन केला आणि तारीख वसंतात ढकलली. पलीकडची मुलगी हळूच म्हणाली, “तुमचं वय बघता सहा महिने म्हणजे...” नाडीन म्हणाली, “कळतं मला.”

रात्रीचं जेवण तिनं केलंच नाही. सकाळी हजेरी झाली. धूर कुठेच नव्हता. हजेरी संपल्यावर हेरॉन पुन्हा बोलली.

“ऑटर, सप्टेंबरात खाली उतरलो की कॉफी घेऊ. आधी माझं थोबाड बघ. मग विचार.”

“हो म्हणशील?”

“ते तेव्हा बघू. पण समोर बसून विचार, असं सगळ्या जंगलाला ऐकवून नको.”

“बरं,” नाडीन म्हणाली. वायरलेस बंद झाला. सप्टेंबरला अजून नऊ आठवडे होते.