ओकाऱ्यांचे पेढे

माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा पेढ्यांची पुडी घेऊन परभणीला माझ्या दारात उभा राहिला, ती वेळ आठवली की आजही माझं टाळकं फिरतं. तोंडभर हसत म्हणाला, "अक्का, तोंड गोड करा. तुमच्या बहिणीला दिवस गेलेत. लय ओकायली, अन्न बघवंना झालंय तिला. गावात कवाच वाटले पेढे, तुमचेच ऱ्हायले व्हते."

पेढा मी घेतलाच नाही. "अन् गोळी?" मी विचारलं.

"चालूच हाय की! आता दोन जिवांची झाली म्हणून आई सकाळ-संध्याकाळ देती."

देती म्हणे! बहिणीला लहानपणी सांधे सुजून ताप आला होता, त्यात तिचं काळीज बिघडलं. लग्नानंतर ते भलतंच बेताल उडायला लागलं, चार पावलं चालली की धाप. मीच तिला इथल्या दवाखान्यात नेलं. निजामाचं राज्य नुकतंच गेलं होतं, पाटीवरचं उर्दू अजून पुसलं नव्हतं, पण डॉक्टर नवा होता. त्यानं गोळी दिली. सैरावैरा उडणाऱ्या काळजाला ही गोळी दमानं चालवते, ठोके कमी करते पण जोरकस करते, असं समजावलं. आणि बजावलं, की थोडी जास्त झाली तर हीच गोळी काळीज बंद पाडते. रोज एकच. देण्याआधी मनगट धरून बघा, ठोके फार संथ वाटले तर देऊ नका. मळमळलं, अन्न नकोसं झालं, तर तिथंच थांबा आणि तिला घेऊन या. हे सगळं नवऱ्यासमोर, सासूसमोर सांगितलं. वर मी तोंड दुखेस्तोवर सांगितलं ते वेगळंच.

पण ओकारी म्हटली की त्या घराला एकच गोष्ट सुचणार! लग्नाला इतकी वर्षं होऊन कूस उजवली नाही म्हणून सासू तिला कुणाच्या ओटीभरणाला जाऊ देत नव्हती. पाळीचं तिचं कधीच धड नव्हतं, त्यामुळं कुणाला शंकाही आली नाही.

"तुमची अक्कल काय शेण खायला गेली का?" मी त्याला म्हटलं आणि तशीच त्याच्याबरोबर त्यांच्या गावी, पेडगावला निघाले.

बहीण बाजेवर पडली होती. दिवस गेले म्हणून सासूनं भरलेला हातभर हिरवा चुडा. सासू उशाशी बसून तिचं कपाळ चेपत होती, हे मी पहिल्यांदाच पाहत होते.

"अक्का, भिंती पिवळ्या झाल्यात का गं? समदं पिवळं दिसायलंय," बहीण पुटपुटली. भिंती चुन्यानं पांढऱ्याफेक होत्या. मी तिचं मनगट धरलं. एक ठोका, मग बराच वेळ काहीच नाही, मग एक.

"पहिलटकरणीचं असंच असतंय," सासू म्हणाली. "तुमी उगी नाट लावू नका."

"विहीणबाई, तुमी तिला औषध न्हाई, इख देताय इख!" मी ओरडले. गल्ली जमली. जमू दे! गोळ्यांची बाटली उकिरड्यावर भिरकावली, गाडी जुंपायला लावली आणि तिला परभणीला आणलं. सासू आली नाही. माझा नातू खाल्लास, असं मात्र गाडीमागं किंचाळत राहिली. कसला नातू? डॉक्टरनं तपासलं, पोटात काहीच नव्हतं.

गोळी बंद झाली तशी ओकारी थांबली, पिवळं ओसरलं, नाडी हळूहळू जाग्यावर आली. पुढं तीच गोळी कमी करून द्यावी लागणार होती, तिच्यावाचून काळीज पुन्हा उधळलं असतं. दवाखान्यात तिला पेज भरवता भरवता मी सासूचा उद्धार करत होते. बहिणीनं तोंड फिरवलं.

"बास कर, अक्का. दिवस न्हाईत हे मला ठावं व्हतं."

"काय?"

"पेढे वाटल्यावर पाळी आली. मी लपवली. बाजूला बसले असते तर त्यांनी तिथंच चुडा उतरवला असता. गोळी दिली की मी गप गिळायची."

हातातली वाटी मी भिंतीवर आदळली. "अगं सटवे, मेली असतीस!"

"मेले असते," ती म्हणाली. "पण वांझोटी म्हणून न्हाई."