आरसा कोणाच्या उंचीला

बाथरूमच्या टाइल्स बदलल्या तेव्हा आरसा मी पसंत केला होता. साधा, चौकोनी, बिनफ्रेमचा. पनवेलच्या या घरात आम्ही अकरा वर्षं राहतोय, पण माझ्या पसंतीची पहिली वस्तू हीच. मिस्त्री यायच्या आधी मी बेसिनसमोर उभी राहिले आणि डोळ्यांच्या रेषेत टाइलवर मार्करने एक खूण केली. आई आणि मी एकाच उंचीच्या, म्हणजे खूण दोघींची झाली.

मिस्त्री जवळच्याच गावातले, बाबांच्या वयाचे. त्यांनी बोटाच्या पेराने टाइल्स वाजवून बघितल्या. माझ्या खुणेपाशी आवाज भरीव आला.

"हितं बेस्ट हाय," ते म्हणाले. "वरची पोकल वाजते. तिला ड्रिल लावला तं फुटंल."

बाबा दारातून म्हणाले, "वरच लावा. मुलाला दाढी करायला वाकावं लागेल."

माझा भाऊ सहा फुटांचा आहे. नोकरीला पुण्यात असतो. महिन्यातून दोन दिवस येतो, त्यातही दाढी करतोच असं नाही.

"पन इथं रोज कोन असतं?" मिस्त्रींनी विचारलं.

"ही आहे की. पण ही आता किती दिवसांची? वर्षा-दोन वर्षांत जाईल आपल्या घरी."

बाबा हे हसत म्हणाले. आईसुद्धा हसली. स्वयंपाकघरातून तिने एवढंच म्हटलं, "लावू दे गं, उगाच वाद नको."

मिस्त्रींनी ड्रिल खाली धरून माझ्याकडे पाहिलं. "ताई, तुमी सांगा. खूण तुमचीच हाय ना?"

असं मला या घरात कधी कोणी विचारलं नव्हतं. माझं सगळं शिक्षण इंग्रजीत झालंय, त्यामुळे भांडणसुद्धा मला इंग्रजीतच सुचतं. आणि बाबांशी इंग्रजीत भांडणं म्हणजे उद्धटपणा. मराठीत वाक्य जुळेपर्यंत बाबा म्हणाले, "तिला काय विचारता, लावा वर."

मी बाजूला झाले. बाबांवरचा राग मला कळतो, पण त्या दिवशी स्वतःवर आलेला राग जास्त टिकला.

दुसऱ्या भोकाला टाइल तडकली. कोपऱ्यापासून मधोमध, केसासारखी बारीक रेघ.

"मी बोललो व्हतो," मिस्त्री म्हणाले.

"आरशामागे जाईल. दिसणार नाही," बाबा म्हणाले.

आरसा लागला. त्यात मला माझं कपाळ आणि केसांचा भांग दिसतो. आईला टिकली लावायला बेडरूमच्या कपाटापाशी जावं लागतं, ती जाते. माझी खूण तिने दुसऱ्याच दिवशी घासून काढली. नव्या टाइलवर डाग बरा दिसत नाही म्हणाली. पुढच्या खेपेला भाऊ आला आणि मोबाइल बघत बघत दात घासून बाहेर पडला. नवा आरसा कसा वाटला, असं आईने विचारलं, तर म्हणाला, "नवा आहे का?"

मी आरशाखाली प्लॅस्टिकचं स्टूल आणून ठेवलं होतं. बाबांचा पाय त्याला लागला, तेव्हा ते गॅलरीत गेलं. मी पुन्हा आणलं नाही.

मागच्या महिन्यात बाबा जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून माझा बायोडेटा करत बसले होते. जन्मवेळ, गोत्र, शिक्षण, सगळं त्यांना पाठ होतं. एका रकान्यापाशी ते थांबले.

"उंची किती गं तुझी?"

त्यांना खरंच माहीत नव्हतं. बाथरूमचं दार समोरच उघडं होतं. या वेळी वाक्य तयार होतं, अगदी मराठीत. मी आईकडे पाहिलं. ती पोळीला तूप लावत होती, मान खाली घालून.

"पाच फूट," मी म्हणाले.

बाबांनी पाच फूट दोन इंच लिहिलं.